रेग्युलर पोरी

फेब्रुवारी महिना मला आवडत नाही. लोकांना तो आवडतो. थंडी सरलेली असते, ऊन अजून चटके देत नसतं, रानात ज्वारी पिवळी पडलेली असते, हरभऱ्याचे घाटे टच्च भरलेले असतात आणि सास्तूरहून उमरग्याकडं जाताना रस्त्याकडेला बायका चिंचा वेचताना दिसतात. कुणी याचं कौतुक करायला लागलं की मी उठून आत जाते. मला या महिन्याला एकच वास येतो, कुजक्या अंड्यांचा. बारावीच्या प्रयोगशाळेत क्षार ओळखताना जो वायू सोडतात त्याचा तो वास. ओढणीला लागला की दोन धुण्यांत जात नाही. माझा तर इतक्या वर्षांत गेलेला नाही.

मी उमरग्यात रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये काम करते. फेब्रुवारी लागला की आमच्याकडं बारावीची पोरं यायला लागतात. कुणाला चक्कर आलेली असते, कुणाचे हात थरथरत असतात. सोबत आई असते, तिचा चेहरा पोरापेक्षा जास्त उतरलेला. "जरा बघा की हो मॅडम, परीक्षा तोंडावर आलीय, ह्येला काय बी गोड लागंना." पोरगं एक दंड माझ्यापुढं करतं आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर प्रश्न सोडवत राहतं. सुई टोचलेली त्याला कळतसुद्धा नाही. मला त्याची दया यायला हवी, हे मला कळतं. येत नाही. मी बाटलीला बूच लावते, त्यावर नाव लिहिते आणि पुढच्याला बोलावते.

आमच्या भागात माणसाची किंमत ग्रुपवर ठरते. परगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांची तीनशेपैकी जी बेरीज, तिला आमच्याकडं ग्रुप म्हणतात. डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा वेगळी, तिचे मार्क वेगळे. पण बोर्डात ग्रुप निम्म्याला पोचला नाही तर त्या वेगळ्या मार्कांचा उपयोग शून्य. म्हणून लग्नात, बारशात, अगदी मयतीला बसायला आलेला माणूससुद्धा पाणी पिऊन झालं की विचारतो, "पोरीचा ग्रुप किती बसला?" आधी पोरीचं नाव विचारावं, असं कुणाला वाटत नाही. मला अजूनही कुणी विचारतं. मी सांगते, बी पॉझिटिव्ह. लोक हसतात. मी हसत नाही.

ज्या कॉलेजात मी अकरावी-बारावी केली ते आमच्या गावापासून दोन गावं पलीकडं, रानात होतं. त्याचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं तर लोक म्हणतील, अगं पण ते चांगलं कॉलेज आहे, निकाल शंभर टक्के लागतो. लागतो ना. वर्गाच्या हजेरीत साठ नावं होती आणि वर्गात आम्ही चौघी. बाकीची पोरं लातूरला शिकवणीच्या वर्गात बसलेली. ती नावापुरती आमच्याकडं, म्हणजे कागदावर आमची आणि खोल्या करून लातुरात. बोर्डाची परीक्षा द्यायला कुठलंतरी कॉलेज लागतं म्हणून शिकवणीवाल्यांनी आमच्या संस्थेशी बोलणं करून ठेवलेलं होतं. यात लपवाछपवी काहीच नव्हती. बसमधल्या कंडक्टरलाही ते माहीत होतं.

आम्हा चौघींना रेग्युलर म्हणायचे. रेग्युलर म्हणजे जिच्या बापाला लातूर जमलं नाही ती. मास्तर मंडळी हा शब्द असा उच्चारायची, जसं एखाद्या घरात न उजवलेल्या पोरीबद्दल बोलतात. केमिस्ट्रीचे सर हजेरी घ्यायचे तेव्हा साठही नावं वाचायचे आणि रिकाम्या बाकांकडं बघून 'हजर' स्वतःच म्हणायचे. आमचं नाव आलं की मात्र थांबायचे. आम्ही 'यस सर' म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा व्हायचा की आम्ही उगाच आलोय. फिजिक्सच्या सरांनी तर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "चौघींसाठी काय घसा कोरडा करायचा? वाचा घरी. अडलं तर विचारा." मग अडलं तेव्हा विचारायला जावं तर सर शेतावर गेलेले असायचे. फिजिक्स माझं कच्चं राहिलं ते राहिलंच. मी काही फार हुशार होते असा माझा दावा नाही. पण न शिकवलेलं न येणं याला मंदपणा म्हणत नाहीत, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

प्रयोगशाळा आम्हीच झाडायचो. शिपाईमामा किल्ली आमच्याकडं द्यायचे आणि चिंचेखाली जाऊन बसायचे. झाडून झालं की करायला दुसरं काही नसायचं, म्हणून मी बाटल्या काढायचे. कुठला क्षार कुठल्या आम्लात विरघळतो, कुठला ज्योतीत हिरवा दिसतो, कुठल्या बाटलीवरची चिठ्ठी चुकीची आहे, सगळं मला पाठ झालं होतं. मला कुणी शिकवलं नाही. कंटाळा आला होता म्हणून शिकले. खिडकीतून ज्वारीचं रान दिसायचं, पाखरं हाकलणारी बाई गोफण फिरवायची, आणि मी परीक्षानळी हलवत उभी राहायचे. तेवढा वेळ मला बरं वाटायचं. आता हे लिहिताना वाटतं की त्या बऱ्या वाटण्याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. ते नसतं तर मी आशा धरली नसती.

जानेवारीत लातूरहून पोत्यात भरून जर्नलं आली. कोरी करकरीत. प्रत्येक मुलाने वर्षभर केलेले प्रयोग त्यात स्वतःच्या हातानं लिहायचे असतात आणि ती जर्नलं परीक्षकापुढं ठेवायची असतात. सर म्हणाले, "पोरींनो, तुमचं अक्षर वळणदार हाय. हातासरशी एवढी उरकून टाका." आम्ही उरकली. चौघींनी मिळून साठ जणांचे प्रयोग लिहिले. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद मी इतक्या वेळा काढला की आमच्या दारातलं जास्वंदीचं झाड मला नको झालं. कुण्या एका ओंकारच्या जर्नलात मी बेडकाचं हृदय काढलं होतं, अगदी झकास. तो ओंकार आता कुठंतरी डॉक्टर असेल. देव त्याच्या पेशंटांना सांभाळो.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळपासून गाड्या यायला लागल्या. लातूरची पोरं उतरली, पांढरे बूट, पाठीवर सॅक, डोळ्यांखाली काळं. मागोमाग आयाही उतरल्या, हातात डबे घेऊन. पोरं वाईट नव्हती. हेच तर अवघड असतं. वाईट असती तर काम सोपं होतं. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "दीदी, पिपेट म्हणजे कुठलं?" मी तिच्याच वर्गातली होते, तिच्याच वयाची होते, आणि ती मला दीदी म्हणाली, कारण माझ्या अंगावर कॉलेजचा गणवेश होता आणि हातात फडकं. मी तिला पिपेट दाखवलं. तिनं मला चॉकलेट दिलं. मी ते खाल्लं आणि ते गोड लागलं.

बाहेरून आलेले परीक्षक दुपारी शिक्षकांच्या खोलीत जेवायला बसले. ही आमच्याकडची रीत. परीक्षक येणार म्हटलं की आदल्या दिवशी संस्थेच्या सेक्रेटरीच्या घरी शेंगाच्या पोळ्या लाटल्या जातात, वांगी भरली जातात, घट्ट दही लावलं जातं. वाढायला रेग्युलर पोरी. मी परीक्षकांच्या ताटात तूप वाढत होते आणि ते सरांना म्हणत होते, "पोरी चांगल्या वळणाच्या आहेत तुमच्या." वळण म्हणजे खाली मान. माझी मान तेव्हा खाली होती खरी.

निकाल लागला. प्रवेशपरीक्षेत मला एवढे मार्क पडले होते की आयुर्वेदाच्या कॉलेजात जागा मिळत होती, आणि ही गोष्ट मोजणाऱ्यांनी मोजून सांगितलेली होती. आमच्या गल्लीत तोवर कुणी डॉक्टर झालेलं नव्हतं. आमची गल्ली सरळ आहे, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सगळं गावच पट्टीनं आखल्यासारखं बांधलंय, त्यामुळं या टोकाला कुणी पेढा खाल्ला तर त्या टोकाला दिसतो. आईनं पेढे आणायला सांगितले. मग बोर्डाची गुणपत्रिका हातात आली. दीडशे लागत होते. माझा ग्रुप एकशे अठ्ठेचाळीस बसला.

लेखीत मी जे काही लिहिलं होतं तेवढंच पडलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रॅक्टिकलला तिन्ही विषयांत मला तीसपैकी निम्म्याच्या आसपासच होते. लातूरच्या पोरांना झाडून तीस नाही तर एकोणतीस. जिनं पिपेट कुठलं विचारलं तिला तीस. तिला पिपेट दाखवणारीला चौदा.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन केमिस्ट्रीच्या सरांकडं गेले. सर ओसरीवर बाजेवर बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही, उलट चहा मागवला. म्हणाले, "मालक, समद्यांना पैकीच्या पैकी दिले तर वर शंका येती. चार-दोन नावं खाली ठेवावी लागतात. आता भायेरच्यांचे कसे कमी करावेत? त्येंनी इश्वासानं पोरं आपल्याकडं घातल्यात. ही आपलीच लेकरं. आपल्या लेकरानं समजून घ्यायचं असतं." मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला वाटलं, आता अप्पा उठतील. अप्पांनी बशीतला चहा फुंकला आणि म्हणाले, "व्हय, त्ये बी खरंच हाय म्हणा." आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं बायका म्हणतात. त्या दिवशी मला कळलं की या म्हणीत दुखतं फक्त ओठाला. मी अप्पांशी पाऊसकाळ संपेपर्यंत धड बोलले नाही. अजूनही बोलताना त्यांच्या हातात चहाची बशी आली की मी तिथून हलते.

लोक म्हणतात, परत परीक्षा द्यायची होती. ज्यांना द्यावी लागत नाही ते असं फार सहज म्हणतात. लेखी पुन्हा देता येत होती. प्रॅक्टिकलचे मार्क मात्र तेच धरले जाणार होते. तोवर त्या वर्षीची जागा गेली असती आणि प्रवेशाची परीक्षाही पुन्हा पहिल्यापासून. घरात धाकटी भावंडं होती. मी रक्त तपासणीचा डिप्लोमा केला. वाईट झालं असंही नाही. पण उमरग्यात ज्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या माझ्याकडं येतात त्यातलं अक्षर वाचताना मला रोज एकदा तरी वाटतं, याचं जर्नल कुणी लिहिलं असेल?

आता यंदाचं सांगते. मुरुमला माझे धाकटे काका असतात. बी-बियाणं आणि खतांचं त्यांचं दुकान चांगलं चालतं. त्यांची सृष्टी यंदा बारावीला. हुशार आहे, मनापासून सांगते. लातूरला दोन वर्षं खोली करून काकू तिच्याजवळ राहिली. दर रविवारी तिथं परीक्षा असते आणि भिंतीवर नंबर लागतात. पोरीचा नंबर खाली गेला की काकू आम्हाला फोन करायची नाही, त्यावरून आम्ही ओळखायचो. तिचंही नाव लातुरात नाही. कागदावर ती भूम तालुक्यात, ईटच्याही पुढं एका आडगावच्या कॉलेजात शिकते. मुरुमची पोरगी तिकडं कशाला शिकायला जाईल, असं कुणालाही वाटावं. शिकवणीवाल्यांचं बोलणं यंदा त्या संस्थेशी झालेलं होतं, एवढंच कारण.

काकांचा फोन आला. "अश्विनी, केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला तू जा बाई हिच्यासंगं. काकूला ताप हाय, मला दुकान सोडता येईना. आन तुला लॅबमधलं कळतंय." नाही म्हणायला माझ्या जिभेला कधीच त्रास पडत नाही, हे आमच्या सगळ्या भावकीला माहीत आहे. तरी मी हो म्हणाले. काही जणांना खपली धरली की ती काढून बघायची खोड असते. मला आहे.

गाडीत सृष्टी आणि तिच्या शिकवणीतल्या दोघी. धाराशिव मागं पडलं, पुढं घाटाचा खडकाळ माळ लागला, पवनचक्क्या फिरत होत्या. तिघींच्या मांडीवर पुस्तकं होती आणि तोंडानं प्रश्न-उत्तरं चालली होती. मी बाहेर बघत बसले. बांधावर एक पळस पेटल्यासारखा फुलला होता. दुसरं कुणी असतं तर त्यांना म्हणालं असतं, बघा गं. मी नाही म्हणाले. बघून काय मार्क पडणार होते?

कॉलेज म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग. आत शिरले आणि तो वास आला. लातूरच्या गाड्या लागलेल्या होत्याच, आया होत्या, डबे होते. आणि टेबलांच्या मधून निळ्या गणवेशातली एक मुलगी फिरत होती, प्रत्येकाला दाखवत होती, ही ब्युरेट, ही अशी धरायची, हा नळ हळू सोडायचा, हे जांभळं पाणी वर भरायचं. तिच्या बोटांची टोकं काळी पडलेली होती. सिल्व्हर नायट्रेटचे डाग. ते एका दिवसाच्या कामानं एवढे काळे पडत नाहीत.

मला बघून ती थबकली, बाहेरून आलेली परीक्षक समजली असावी. "मॅडम, तुमी एक्स्टर्नल का?"

"नाही. मी बहिणीसोबत आलेय."

"मग हितं नका उभारू. सर रागावतेत."

"तू रेग्युलर का?"

"व्हय." ती जराशी हसली. "आमी तिघी हुतो. येकीचं लगीन झालं, आता दोघीच."

तिचं नाव कोमल. नर्सिंगच्या डिग्रीला जायचंय, त्यासाठीही ग्रुप निम्म्याच्या वर लागतो, हे तिनंच मला सांगितलं. फिजिक्स कुणी शिकवलंच नाही म्हणाली. "पर लेखीला जमंल तेवढं करते. प्रॅक्टिकलची चिंता न्हाय. सर म्हणलेत, काळजी करू नको, तू तर आपलीच हाईस."

मला राग आला. त्या मुलीचाही राग आला, इतकं कसं कळत नाही म्हणून. मग आठवलं, कळायला ते कुणीतरी सांगावं लागतं. मला तर निकालानंतर सांगितलं होतं.

मी सरांच्या खोलीत गेले. हे सर ते सर नव्हते, पण होतेच. गाडीतून आलेली बाई म्हटल्यावर उठून खुर्ची दिली. "या मॅडम. नाष्टा केला का? मुलीचं काही टेन्शन घेऊ नका." टेबलावर पितळी डब्यात लाडू होते.

मी म्हणाले, "मुलीचं नाही घेत. कोमलचं विचारायला आलेय. तिला किती देणार?"

ते जरा गोंधळले. कोमलचं नाव माझ्या तोंडून येईल असं त्यांना वाटलं नसावं. मग माणूस मोकळा झाला. मला वाटतं, अशी माणसं मोकळी होतात तेव्हाच जास्त भीती वाटावी. म्हणाले, "आता तुमच्यापास्नं काय लपवायचं? समद्यांना सारखे देता येत न्हाईत. काही कमी दाखवावे लागतात. त्या दोघी गावातल्याच हायत्या, त्येंचे मायबाप काय बोलायचे न्हाईत."

"तिला नर्सिंगला ग्रुप लागतो."

"लागतो की. मग कुणाचे कमी करू? तुमच्या मुलीचे करू?" आणि ते हसले. ही गंमत होती. माझ्यासारख्या बाईनं यावर हसायचं असतं, लाडू घ्यायचा असतो आणि उठायचं असतं.

"करा," मी म्हणाले.

"काय?"

"माझ्या बहिणीचे करा. सृष्टी तिचं नाव. तिला लेखीत भरपूर पडणार आहेत, दहा-पंधरानं तिचं काही अडत नाही. तिचे काढा आणि कोमलला घाला."

बाहेर कुणाचा तरी डबा पडला, त्याचा आवाज आला. सरांनी माझ्याकडं पाहिलं. आता ते हसत नव्हते, आणि खरं सांगायचं तर चिडलेही नव्हते. समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, आता काय बी व्हायचं न्हाय. मार्क कालच भरलेत. परीक्षक कालच मुक्कामाला आलते, जेवणं झाल्यावर सह्या बी झाल्या. आज नुसतं दाखवायचं म्हणून."

मी दारात वळले तर सृष्टी तिथंच उभी होती. तिचं झालं होतं. तिला ठरलेलं रीडिंग, म्हणजे प्रयोगात यायला हवा तो आकडा, एका चिटोऱ्यावर मिळालं होतं, ते तिनं उत्तरपत्रिकेत उतरवलं होतं आणि पाण्याची बाटली मागायला ती माझ्याकडं आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अक्का, तू माझे मार्क कमी करायला सांगितलेस?"

"व्हय."

"का? ती कोण लागती आपली?"

ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. लातूरच्या दोन वर्षांत तिनं हजारो प्रश्न सोडवले असतील, प्रत्येकाचं चारातलं एक उत्तर बरोबर असतं. त्या क्षणी मला माझी बहीण आवडली नाही, आणि ती नावडण्यासारखं काही करत नव्हती हेही मला दिसत होतं. मी तिला बाटली दिली. "गाडीत जाऊन बस," म्हणाले. ती गेली. संध्याकाळी काकांचा फोन आला, त्यांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि तेव्हापासून मुरुमच्या घराशी माझं बोलणं बंद आहे. त्याचं मला फार वाईट वाटत नाही.

प्रयोगशाळा जवळजवळ रिकामी झाली होती. टेबलांवर चॉकलेटचे कागद, अर्धवट भरलेल्या नळ्या, सांडलेलं जांभळं पाणी. लातूरची पोरं डब्यांकडं पांगली होती. सगळ्यांचं सगळं करून झाल्यावर कोमल शेवटच्या टेबलावर आता स्वतःचा प्रयोग करत होती. ठरलेल्या रीडिंगचा चिटोरा तिला कुणी दिला नव्हता, किंवा दिला असेल तर तिनं बघितला नव्हता. डाव्या हातानं नळ धरलेला, उजव्या हातानं खालचा चंबू गोल फिरवत, डोळा थेंबावर. वरून एक थेंब पडायचा, चंबूत रंग यायचा आणि जायचा. दुसरा पडायचा, रंग यायचा आणि जायचा. ती श्वास धरून होती.

मला तिला सांगायचं होतं, नळ बंद कर पोरी. हात धू, घरी जा, लेखीचा अभ्यास कर, आता सगळं तिथंच आहे. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. या वेळी ती 'हितं नका उभारू' म्हणाली नाही. एक थेंब पडला आणि रंग आला तो गेला नाही. अगदी फिकट गुलाबी, असून नसल्यासारखा. त्याहून गडद झाला तर प्रयोग चुकतो.

"मॅडम, तुमी लॅबमधल्या ना? बघा की, आलाय का बरोबर?"

मी वाकून बघितलं. तिच्या वयात मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते आता मला माहीत होतं.

"बरोबर आलाय," मी म्हणाले.

"आजून दोन बार करायला लागतंय, तीन रीडिंग घ्यायचे असतेत," असं म्हणत तिनं चंबू रिकामा केला, स्वच्छ विसळला आणि ब्युरेट परत भरायला घेतली.